हुआन दे ला सिएर्व्हा

हुआन दे ला सिएर्व्हा (जन्म : मुर्सिया, स्पेन, २१ सप्टेंबर १८९५, मृत्यू : क्रॉयडन, इंग्लंड, ९ डिसेंबर १९३६) हे स्पॅनिश अभियंता, वैमानिक व ऑटोजायरो या यानाचे जनक होते. इंजिन बंद पडले तरी यान सुखरूप उतरावे, या उद्देशाने त्यांनी केलेले संशोधन पुढे हेलिकॉप्टरच्या सुरक्षिततेचा पाया ठरले.

पार्श्वभूमी

सिएर्व्हा यांचे वडील स्पेनमधील राजकारणी व मंत्री होते. माद्रिद येथे त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले. १९१९ साली त्यांनी रचलेले तीन इंजिनांचे विमान जमिनीलगत वेग कमी झाल्यामुळे कोसळले. विमानाला तोलून धरणारे बल वेगावर अवलंबून असते व वेग घटताच ते नाहीसे होते, हा धोका दूर करण्याचा त्यांनी निश्चय केला.

ऑटोजायरो

ऑटोजायरोमध्ये स्थिर पंखांऐवजी डोक्यावर फिरणारी पाती असतात. पुढील इंजिन यानाला केवळ ओढते. पाती मात्र हवेच्या प्रवाहाने आपोआप फिरतात. पहिली तीन याने अयशस्वी ठरली. पुढे जाणाऱ्या पात्याला मागे येणाऱ्या पात्यापेक्षा अधिक उचल मिळत असल्याने यान कलंडत असे. लवचीक पात्यांची लहान प्रतिकृती मात्र नीट उडत होती. त्यावरून सिएर्व्हा यांनी प्रत्येक पाते बिजागरीने जोडून त्याला वरखाली हलण्याची मोकळीक दिली. जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळील हेताफे येथे सी.४ या यानाने यशस्वी उड्डाण केले. काही दिवसांतच कमी उंचीवर त्याचे इंजिन बंद पडले. तरीही यान अलगद खाली उतरले.

१९२६ साली इंग्लंडमध्ये सिएर्व्हा ऑटोजायरो कंपनी स्थापन झाली. १९२७ च्या एका अपघातात पाते मुळाशी तुटल्यानंतर त्यांनी पात्यांना दुसरी बिजागरी जोडली. १८ सप्टेंबर १९२८ रोजी त्यांनी स्वतः ऑटोजायरोने इंग्लिश खाडी ओलांडली.

अखेरची वर्षे

१९३६ च्या स्पॅनिश यादवी युद्धात त्यांनी फ्रँको यांच्या पक्षाला साहाय्य केले. फ्रँको यांना मोरोक्कोस नेणारे विमान मिळवून देण्यात त्यांचा सहभाग होता. त्यामुळे त्यांचे स्मरण स्पेनमध्ये वादग्रस्त ठरले. त्याच वर्षी दाट धुक्यात क्रॉयडनहून निघालेले प्रवासी विमान उड्डाणानंतर लगेच घरांवर कोसळले व त्यात सिएर्व्हा यांचा मृत्यू झाला. तेव्हा त्यांचे वय ४१ वर्षे होते.

वारसा

१९३९ साली फिलाडेल्फियातील टपाल कार्यालयाच्या छतावरून ऑटोजायरोद्वारे टपालवाहतूक सुरू झाली. इंजिन निकामी झाल्यास हेलिकॉप्टरही हवेने फिरणाऱ्या पात्यांच्या आधारे उतरू शकते; मात्र त्यासाठी पुरेशी उंची किंवा वेग आवश्यक असतो. अनेक लहान पंख्यांवर उडणाऱ्या बऱ्याच विद्युत हवाई टॅक्सींना ही सोय नसते. त्यांची सुरक्षितता मुख्यतः जादा मोटारींवर अवलंबून असते. त्यामुळे इंजिन थांबल्यावर यानाचे काय होईल, हा सिएर्व्हा यांनी हाती घेतलेला प्रश्न शहरी हवाई वाहतुकीत आजही महत्त्वाचा आहे.