पाण्याची पारख करणाऱ्या एलेनबाई

वाचकहो, नळाची तोटी फिरवली की पाणी येते आणि ते आपण निर्धास्तपणे पितो. हे पाणी पिण्याजोगे आहे असे कोणीतरी तपासून ठरवलेले असते, हा विचार सहसा आपल्या मनात येत नाही. ही तपासणी गावोगाव, ठरल्या वेळी आणि एकाच पद्धतीने करण्याची शिस्त ज्या थोड्या लोकांनी घालून दिली, त्यांत अमेरिकेच्या एलेन स्वॉलो रिचर्ड्स या विदुषीचे नाव फार वर लागते. आज आम्ही त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्यांच्या कामाचे मोल कळावे म्हणून आधी एका लहान गावाची हकीकत सांगितली पाहिजे. पेनसिल्व्हेनिया राज्यात प्लिमथ नावाचे कोळशाच्या खाणींचे गाव आहे. १८८५ साली तिथली वस्ती सुमारे आठ हजार होती. डोंगरातून येणाऱ्या एका ओढ्याचे पाणी अडवून साठवले होते आणि तेच नळाने गावात येई. पाणी थंड आणि नितळ होते. त्या हिवाळ्यात ओढ्याकाठच्या एका घरात एक माणूस विषमज्वराने, म्हणजे टायफॉईडने, आजारी पडला. रोग्याची घाण घराबाहेर बर्फावर टाकली जाई. थंडी होती तोवर ती तिथेच गोठून राहिली. मार्चअखेर बर्फ वितळले आणि सगळी घाण ओढ्यात उतरली. एप्रिलमध्ये गावात तापाची साथ उसळली. अकराशेहून अधिक माणसे अंथरुणाला खिळली आणि ११४ दगावली. एका रोग्याच्या घाणीने हा अनर्थ केला. पाणी डोळ्यांना शेवटपर्यंत स्वच्छच दिसत होते.

असल्या दुखण्यांची आठवण आपल्या बेटालाही आहे. १८५४ साली मॉरिशसमध्ये पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली आणि तिने हजारो माणसे नेली. कोकणातून इथल्या उसाच्या मळ्यांवर आलेल्या आपल्या पूर्वजांनीही ते दिवस पाहिले. त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन स्नो या डॉक्टरांनी एका सार्वजनिक पंपाच्या पाण्यातून पटकी पसरते हे दाखवून दिले. पण एका पंपाचा दोष शोधणे वेगळे आणि राज्यातल्या प्रत्येक गावाच्या पाण्यावर कायमची नजर ठेवणे वेगळे. हे दुसरे काम पुढे एलेनबाईंच्या हातून व्हायचे होते. १८५४ साली त्या अकरा वर्षांच्या होत्या.

त्यांचा जन्म ३ डिसेंबर १८४२ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील डन्स्टेबल या खेड्यात झाला. आईवडील दोघेही शिक्षकी पेशातले. घरी शेतीही होती. एलेन ही त्यांची एकुलती एक लेक. लहानपणी तिचे शिक्षण घरीच झाले. पुढे मुलीला चांगली शाळा मिळावी म्हणून कुटुंब वेस्टफर्ड गावी राहायला गेले आणि वडिलांनी तिथे दुकान घातले. मुलगी शाळा शिके, दुकानात हातभार लावी आणि घरकामही करी. तिला पुढे शिकायची ओढ फार, पण पदरी पैसा नव्हता. शिकवण्या करून आणि लोकांची घरे झाडून तिने तीनशे डॉलर जमवले. १८६८ साली, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, ती मुलींच्या व्हॅसर कॉलेजात दाखल झाली. तिथे मारिया मिचेल या नामवंत खगोलशास्त्रज्ञ बाई शिकवीत असत. रसायनशास्त्राचे प्राध्यापक फॅरार यांची शिकवण अशी की, विद्या लोकांच्या रोजच्या अडचणी सोडवण्याच्या कामी आली पाहिजे. ही शिकवण एलेनबाईंच्या मनात कायमची रुजली.

१८७० साली व्हॅसरची पदवी मिळाल्यावर त्यांनी बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीकडे, म्हणजे आज जगभर एम.आय.टी. म्हणून नावाजलेल्या संस्थेकडे, अर्ज केला. तोवर त्या संस्थेत एकाही स्त्रीला प्रवेश मिळालेला नव्हता. एलेनबाईंना तो मिळाला आणि फीही माफ झाली. आपली गरिबी पाहून ही सवलत दिली असावी अशी त्यांची समजूत झाली. खरे कारण त्यांना पुढे कळले. कोणी आक्षेप घेतलाच, तर ही बाई आमच्या विद्यार्थ्यांत मोडतच नाही असे संस्थेच्या प्रमुखांना सांगता यावे, म्हणून फी घेतली नव्हती!

अशा ठिकाणी पाय रोवून उभे राहणे सोपे नव्हते. एलेनबाईंनी वाद घातला नाही आणि कामात कुठे कसूरही ठेवली नाही. त्या सुई-दोरा जवळ बाळगीत, प्राध्यापकांचे काही फाटले-उसवले तर शिवून देत, टेबले पुसून ठेवीत. आणि विश्लेषणाला बसल्या की भल्याभल्यांपेक्षा अचूक आकडा काढीत. १८७३ साली त्यांनी एम.आय.टी.ची पदवी घेतली. ती मिळवणारी पहिली स्त्री त्याच. त्याच वर्षी व्हॅसरने त्यांना एम.ए. दिली. त्यांच्या मनात डॉक्टरेट मिळवायची होती, त्यासाठी त्या आणखी दोन वर्षे तिथे काम करीत राहिल्या, पण ती पदवी संस्थेने त्यांना दिली नाही.

पाण्याशी त्यांचा संबंध याच काळात जडला. राज्याच्या आरोग्य मंडळाने नद्या-तळ्यांच्या पाण्याची तपासणी प्राध्यापक विल्यम रिप्ले निकोल्स यांच्याकडे सोपवली होती. मुलींनी कॉलेजात शिकावे हे निकोल्स यांना मुळीच पसंत नव्हते. तरी या किचकट कामासाठी त्यांनी एलेनबाईंनाच मदतीला घेतले, कारण इतका भरवशाचा हात त्यांना दुसरा दिसला नाही. १८७५ साली एलेनबाईंचा विवाह खाणकामाचे प्राध्यापक रॉबर्ट रिचर्ड्स यांच्याशी झाला. पतीने त्यांच्या कामाला जन्मभर साथ दिली. १८७६ साली त्यांच्याच खटपटीने एम.आय.टी.त स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उघडली आणि तिथे त्यांनी पगार न घेता शिकवले. पुढे स्त्रियांना इतरांबरोबरच शिकता येऊ लागले, तेव्हा १८८३ साली ही वेगळी प्रयोगशाळा बंद झाली. १८८४ साली एलेनबाई आरोग्य-रसायनशास्त्राच्या शिक्षिका म्हणून रीतसर नेमल्या गेल्या. या पदावर त्या अखेरपर्यंत राहिल्या.

आता त्यांच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या कामाकडे वळू. १८८६ साली मॅसॅच्युसेट्सने कायदा करून राज्यातील नद्या, तळी आणि गावांचे पाणीपुरवठे यांवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी आरोग्य मंडळावर टाकली. १८८७ साली तपासणी सुरू झाली. तिचे प्रमुख प्राध्यापक थॉमस ड्राऊन होते, परंतु प्रयोगशाळेचा रोजचा भार एलेनबाईंवर होता. गावोगावच्या पाणीपुरवठ्यातून दर महिन्याला बाटल्या भरून बॉस्टनला येत. पाणी पडून राहिले की त्याचे गुणधर्म बदलतात, म्हणून आलेल्या बाटलीचे विश्लेषण लगोलग उरकावे लागे. दोन वर्षे असे हजारो नमुने तपासले गेले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर आणि इतक्या शिस्तीने अमेरिकेत पूर्वी असे काम झालेले नव्हते.

या तपासणीतून जी युक्ती हाती आली ती समजून घेण्यासारखी आहे. माणसाच्या मलमूत्रात मीठ असते. सांडपाणी विहिरीत किंवा तळ्यात झिरपले की तिथल्या पाण्यातले मीठ वाढते. हे मीठ मोजता येते. पाण्यात पिवळे क्रोमेट घालून वरून चांदीच्या क्षाराचा द्राव थेंबथेंब सोडायचा. मीठ संपले की पाण्याला तांबूस छटा येते. किती द्राव लागला त्यावरून मिठाचा हिशेब निघतो. परंतु इथे एक अडचण होती. समुद्रावरून येणारा वारा आणि पाऊस आपल्याबरोबर मीठ आणतातच. मग पाण्यात सापडलेले मीठ समुद्राचे की सांडपाण्याचे, हे कसे ओळखावे?

कोकणात किनाऱ्याजवळच्या विहिरींचे पाणी मचूळ लागते आणि डोंगराकडच्या झऱ्याचे गोड, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. मॅसॅच्युसेट्सचीही तीच गोष्ट. एलेनबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी माणसांच्या वस्तीपासून दूर असलेल्या, निर्मळ पाण्यांतले मीठ मोजले. केप कॉडच्या किनाऱ्याकडे ते दहा लाख भागांत सुमारे वीस भाग भरले, तर पश्चिमेकडच्या डोंगरात एक भागही भरत नव्हते. सारख्या प्रमाणाची ठिकाणे रेषांनी जोडून त्यांनी राज्याचा नकाशा काढला. या रेषा किनाऱ्याला जवळजवळ समांतर निघाल्या. आता कोणत्याही गावच्या पाण्याची पारख करणे शक्य झाले. त्या जागी निसर्गतः जेवढे मीठ असायला हवे त्याहून अधिक आढळले, तर माणसाची घाण त्या पाण्यापर्यंत पोहोचली आहे असे समजायचे. शिवाय अमोनिया आणि नायट्रेट मोजून ती घाण ताजी आहे की जुनी, याचाही अंदाज घेता येई. या नकाशाला क्लोरीनचा नकाशा म्हणतात. इथले क्लोरीन म्हणजे मिठातला अंश. पाणी निर्जंतुक करण्यासाठी घालतात ते क्लोरीन अमेरिकेत नियमितपणे वापरात आले ते १९०८ साली, जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात.

या सगळ्याचे सार एवढेच की, चांगले पाणी कसे असते हे आधी नोंदवून ठेवले नाही, तर ते बिघडले केव्हा हे कळायला मार्ग उरत नाही. प्लिमथच्या लोकांजवळ अशी नोंद नव्हती आणि ओढ्याकडे पाहणारे कोणी नव्हते. अर्थात मिठाच्या हिशेबाने रोगाचा जंतू दिसत नाही. पण घाण कोणत्या वाटेने येते आहे हे कळले, तर रोग येण्याआधी वाट बंद करता येते.

वाट बंद करता येत नसेल तर काय करावे, याचे उत्तर त्याच राज्यात लॉरेन्स गावी मिळाले. आरोग्य मंडळाने १८८७ साली तिथे प्रयोगकेंद्र काढले होते. लॉरेन्सचे लोक मेरिमॅक नदीचे पाणी पीत आणि वरच्या अंगाला असलेल्या लोवेल शहराचे सांडपाणी त्याच नदीत येई. १८९० च्या सुमारास तिथे विषमज्वराने फार माणसे दगावली. प्रयोगकेंद्राच्या अनुभवावरून हायरम मिल्स या अभियंत्यांनी वाळूचे मोठे गाळणे बांधवले. ते १८९३ साली सुरू झाले आणि विषमज्वराचे मृत्यू झपाट्याने घटले. एलेनबाईंच्या एम.आय.टी.तील प्रयोगशाळेतून पाणी, हवा आणि सांडपाणी तपासायला शिकून गेलेले तरुण पुढे ठिकठिकाणी अशाच कामांवर नेमले गेले.

एलेनबाईंची विद्या घराच्या उंबऱ्याबाहेरच राहिली असे मात्र नाही. धूळ साठवणारे जाड पडदे आणि गालिचे त्यांनी घरातून काढून टाकले, कोळशाच्या चुलीऐवजी गॅस आणला आणि घरात हवा कशी खेळते ते मोजून पाहिले. स्वयंपाक, धुणे, पाणी यांमागचे शास्त्र प्रत्येक गृहिणीला ठाऊक असावे असा त्यांचा आग्रह होता. हवा, पाणी आणि अन्न या विषयावर १९०० साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर पुस्तक लिहिले. आज शाळा-कॉलेजांत गृहविज्ञान म्हणून जो विषय शिकवतात, त्याच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते. १९०९ साली अमेरिकेच्या गृहविज्ञान परिषदेच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १९१० साली स्मिथ कॉलेजने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली. जी पदवी तरुणपणी नाकारली गेली, ती अशा रीतीने सदुसष्टाव्या वर्षी मिळाली. ३० मार्च १९११ रोजी बॉस्टनच्या जमेका प्लेन भागातल्या राहत्या घरी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

एवढे सगळे झाल्यावर अमेरिकेत पाण्याचा प्रश्न कायमचा सुटला असेल, असे वाचकांना वाटेल. तसे झाले नाही. पिण्याच्या पाण्याच्या सुरक्षिततेचा देशव्यापी कायदा तिथे १९७४ साली झाला. तरीही मिशिगन राज्यातील फ्लिंट शहरात २०१४ सालच्या एप्रिलमध्ये खर्च वाचवण्यासाठी पाण्याचा स्रोत बदलून नदीचे पाणी देण्यात आले, आणि नळ आतून झिजू नयेत म्हणून घालायचे औषध त्यात घातले गेले नाही. नदीच्या पाण्यात क्लोराईड, म्हणजे एलेनबाई मोजीत तोच मिठाचा अंश, जास्त होता. त्याने यंत्राचे भाग गंजतात म्हणून त्याच वर्षी तिथल्या मोटार कारखान्याने ते पाणी घेणे थांबवले. लोक मात्र तेच पाणी पीत राहिले आणि जुन्या नळांतले शिसे मुलाबाळांच्या पोटात गेले. रहिवाशांनी, विशेषतः घरोघरीच्या आयांनी, तक्रारी केल्या. विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी घराघरातले पाणी तपासले, डॉक्टरांनी मुलांच्या रक्ताचे आकडे पुढे ठेवले, तेव्हा कुठे २०१५ सालच्या ऑक्टोबरात पहिला पाणीपुरवठा पुन्हा सुरू झाला. प्लिमथला मोजणारे कोणी नव्हते. फ्लिंटला मोजणारे होते, पण त्यांचे वेळेवर ऐकले गेले नाही.

आपले बेट लहान आहे. भोवती खारे पाणी, आणि गोडे पाणी येते ते पावसाचेच. चक्रीवादळानंतर नळाला गढूळ पाणी आले की आपल्या घरी ते फडक्याने गाळतात किंवा निवत ठेवतात. याने माती जाते, रोग जात नाही. अशा वेळी पाणी खळखळून उकळल्यावाचून पिऊ नये. गच्चीवरची टाकी उघडी ठेवू नये आणि ठरल्या वेळी घासून धुवावी. गावच्या पाण्याची तपासणी केव्हा झाली आणि तीत काय निघाले, हे विचारण्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही. एलेनबाईंच्या काळी एकेका बाटलीमागे माणसाला तासन् तास बसावे लागे. आज हे काम पुष्कळ सोपे झाले आहे. मुलींना विज्ञान शिकवण्याविषयी ज्यांच्या मनात अजून शंका असेल, त्यांनी हे चरित्र आपल्या लेकी-सुनांना जरूर वाचून दाखवावे, अशी आमची विनंती आहे.