ओंडक्यावरच्या अळिंबीला बियाणे देणारे किसाकू मोरी

धिंगरी अळिंबी करणारा शेतकरी स्पॉन विकत आणतो, निर्जंतुक केलेल्या काडात थर देऊन पिशव्या भरतो आणि तीन-चार आठवड्यांत पहिली काढणी करतो. जपानच्या डोंगराळ भागात मात्र शिताके अळिंबी कित्येक पिढ्या बियाण्याविनाच घेतली जात होती. ही परिस्थिती बदलणाऱ्यांत किसाकू मोरी यांचे नाव मोठे आहे.

मोरी यांचा जन्म १९०८ साली गुन्मा प्रांतातील किर्यू या गावी झाला. गाव रेशमी कापडाचे, शेतीचे नव्हे. क्योतो विद्यापीठात शेतीविषयक शिक्षण घेत असताना ते दक्षिणेकडील ओइता भागातील गरीब खेड्यांच्या पाहणीसाठी गेले. तेथील शेतकरी ओकच्या जातीची झाडे तोडत, ओंडक्यांवर कुऱ्हाडीने खाचा पाडत आणि ते रानात रचून ठेवत. हवेतून शिताकेचे बीजाणू येऊन खाचेत रुजले तर पीक, नाही तर नाही. ओंडक्यांसाठी कर्ज काढलेले असे. त्यामुळे दोन वर्षे वाट पाहून अळिंबी फुटली नाही की कुटुंब देशोधडीला लागे. एक म्हातारा शेतकरी ओंडक्यांपुढे हात जोडून, तुम्ही उगवला नाहीत तर आम्हाला गाव सोडावे लागेल, अशी विनवणी करताना मोरींनी पाहिला. ते दृश्य त्यांच्या मनातून गेले नाही.

शिक्षण संपल्यावर त्यांनी किर्यूमध्येच प्रयोग सुरू केले. शिताकेची शुद्ध बुरशी वाढवण्याचे काम जपानमध्ये इतरांनीही केले होते, भुश्श्यावरचे बियाणेही निघाले होते. अडचण होती ती साध्या शेतकऱ्याला रानात वापरता येईल अशा बियाण्याची. मोरींनी लाकडाचे छोटे तुकडे निर्जंतुक करून त्यांत बुरशीचे तंतू वाढवले. ओंडक्याला भोक पाडायचे आणि तुकडा हातोडीने ठोकून बसवायचा, एवढेच काम. बुरशी आधीच लाकडात मुरलेली असल्याने ती ओंडक्यात सहज पसरते आणि तुकडा भोकात घट्ट बसल्याने लवकर सुकत नाही. १९४२ साली, ऐन युद्धात, हे तंत्र यशस्वी झाले. युद्धानंतर ते खेडोपाडी पोचले आणि शिताके हे डोंगरी शेतकऱ्यांचे भरवशाचे नगदी पीक झाले. मोरींनी बियाणे पुरवणारी कंपनी उभी केली, संशोधनही चालू ठेवले. १९७७ मध्ये ते वारले.

बियाणे आले तरी ओंडक्याची काळजी सुटली नाही. झाड पानगळीनंतर, सुप्तावस्थेत तोडतात, कारण तेव्हा लाकडात साखर भरपूर असते आणि साल घट्ट राहते. साल निघाली की पीक गेलेच समजा. ओंडका साधारण एक मीटर लांबीचा, जिवंत, निरोगी झाडाचा हवा. कुजलेल्या लाकडात दुसऱ्या बुरशा आधीच बसलेल्या असतात. ठोकल्यानंतर ओंडके सावलीत, ओल टिकेल पण पाणी साचणार नाही असे रचतात. पहिली अळिंबी यायला साधारण एक ते दोन वर्षे लागतात, मग तोच ओंडका तीन-चार वर्षे थंडीच्या हंगामात पीक देतो. फूट आणायची असेल तेव्हा पूर्ण पोसलेला ओंडका दिवसभर गार पाण्यात बुडवून ठेवतात.