विजय हजारे : स्वाक्षरी आणि सत्य

सांगलीच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात १९१५ साली जन्मलेले विजय सॅम्युएल हजारे हे मितभाषी वृत्तीचे थोर फलंदाज. १९३९-४० च्या मोसमात पुण्यात त्यांनी महाराष्ट्रासाठी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. १९४८ मध्ये ॲडलेड कसोटीच्या दोन्ही डावांत शतके झळकावली. १९५२ मध्ये मद्रास येथे भारताला पहिला कसोटी विजय लाभला, तोही त्यांच्याच नेतृत्वाखाली. २००४ साली बडोद्यात ते निवर्तले.

आज संग्राहक त्यांची स्वाक्षरी मोलाने घेतात. तिची पारख हस्ताक्षराइतकीच चरित्रावरूनही होते. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातील म्हणून दाखविलेल्या कागदावर हजारेंशेजारी विजय मर्चंट यांचीही सही असेल, तर सावध व्हावे. मर्चंट त्या दौऱ्यावर गेलेच नव्हते. मार्कर पेनची शाईही त्या काळाशी विसंगत ठरते. खोटी सही घेणाऱ्यास लुबाडतेच; शिवाय कष्टाने मिळविलेल्या नावाचाही अवमान करते.