करमणूककर्ते हरिभाऊ : एक लेखक, एक संपादक

फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियमवर ९८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा दिल्ली, नोएडा, गुडगाव, फरिदाबाद इथल्या बहुतेक मराठी मंडळींनी तिकडे एखादी तरी चक्कर मारली. १९५४ साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली इथे संमेलन झाले होते. त्यानंतर सत्तर वर्षांनी हा योग आला. पिशव्या भरून पुस्तके घरी आली. पुस्तकावर लेखकाचे नाव मोठ्या अक्षरात असते, प्रकाशकाचे बारीक अक्षरात. पण ज्याने लेखकाच्या मागे लागून ते लिहून घेतले, नको ते काढायला लावले आणि वेळेवर छापून आणले, त्या संपादकाचे नाव बहुधा कुठेच नसते. आपल्या या स्मरणिकेचेच पाहा ना! श्रावण लागला की संपादक मंडळींचे फोन सुरू होतात, आणि लेख न देणारे सोसायटीच्या फाटकातून मान खाली घालून जाऊ लागतात.

अशा संपादकांची आठवण काढायची तर मराठीत पहिले नाव हरि नारायण आपटे यांचे घ्यावेसे वाटते. १९१२ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. कादंबरीकार म्हणून आपण त्यांना शाळेपासून ओळखतो, पण जवळजवळ सत्तावीस वर्षे त्यांनी एक साप्ताहिक चालवले, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. माझ्या मते त्यांच्या लेखनातले बरेचसे भलेबुरे त्या साप्ताहिकातूनच आले.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशात पारोळे येथे झाला. आई लहानपणीच गेली. काका महादेव चिमणाजी आपटे हे मुंबईतले नामांकित वकील, आणि हरिभाऊ वाढले ते त्यांच्याच आधाराने. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये चिपळूणकर, टिळक, आगरकर यांच्यासारखे शिक्षक मिळाले. १८८२ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले, तेव्हा या विद्यार्थ्याने त्यांच्यावर शिष्यजनविलाप हे विलापकाव्य लिहिले. पुढे आगरकरांनी हॅम्लेटचे विकारविलसित हे भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा विशीही न गाठलेल्या या मुलाने आपल्याच गुरूच्या पुस्तकाचे लांबलचक परीक्षण लिहून त्यातल्या उणिवा दाखवल्या. दुसऱ्याचे लिखाण बारकाईने वाचायचे आणि भीडमुर्वत न ठेवता बोलायचे, ही संपादकाची वृत्ती त्या वयातच दिसते. कॉलेजात मात्र गणिताशी काही जमले नाही आणि पदवी हुकली. मराठीचे त्यात नुकसान झाले असे म्हणवत नाही.

१८८५ मध्ये त्यांची पहिली कादंबरी, मधली स्थिति, पुणे वैभव या पत्रातून क्रमशः येऊ लागली. दुसरी कादंबरी गणपतराव एका मासिकातून सुरू झाली आणि अपुरीच राहिली. लेखक तरुण, पत्रे दुसऱ्यांची, आणि त्यांचे भवितव्य बेभरवशाचे. मग १८९० मध्ये हरिभाऊंनी करमणूक हे स्वतःचे साप्ताहिक काढले. केसरी गाजत होता, आगरकरांचा सुधारक १८८८ पासून समाजावर कोरडे ओढत होता. जे सुधारक अग्रलेखातून सांगतो, ते गोष्टीतून, चरित्रातून, शास्त्रीय माहितीतून घराघरात न्यावे, माजघरातल्या बाईनेही ते वाचावे, हा हरिभाऊंचा विचार होता. नाव करमणूक असले तरी काम गंभीर होते.

त्याच्या सुरुवातीच्या अंकांतूनच पण लक्षांत कोण घेतो सुरू झाली. यमू नावाची मुलगी स्वतःच्या तोंडाने आपली हकीकत सांगते. माहेर, सासर, मुंबईतले थोडे सुखाचे दिवस, नवऱ्याचा मृत्यू आणि मग सक्तीचे केशवपन. हे वाचताना तो काळ लक्षात घ्यायला हवा. मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. मुलीचे संमतीचे वय दहावरून बारा करायचे एवढ्यावरून सारे पुणे पेटले होते, टिळक एका बाजूला आणि सुधारक दुसऱ्या. त्याच दिवसांत दर आठवड्याला यमूच्या आयुष्याचे एकेक पान लोकांच्या हाती पडत होते. १८९३ पर्यंत हे चालले. एकदम पुस्तक म्हणून ही कादंबरी आली असती, तर विकत घेणाऱ्या थोड्यांनीच वाचली असती. साप्ताहिकामुळे यमू तीन वर्षे वाचकांच्या घरात राहायला आली. संपादक हरिभाऊंनी लेखक हरिभाऊंना दिलेली ही सर्वांत मोठी देणगी, असे मला वाटते.

बाईच्या मनाचे इतके बारकावे एका पुरुषाला कसे साधले, याचे एक उत्तर काशीबाई कानिटकरांच्या मैत्रीत सापडते. गोविंद वासुदेव कानिटकर आणि काशीबाई या दांपत्याशी हरिभाऊंचा घरोबा होता, आणि काशीबाईंशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार होता. घरच्यांच्या नजरा चुकवून लिहायला-वाचायला शिकलेल्या काशीबाई पुढे मराठीतल्या आरंभीच्या स्त्री-कादंबरीकार झाल्या, डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्रही त्यांनी लिहिले. त्या काळी परक्या बाईच्या लिखाणाविषयी तिच्याशी मोकळेपणाने चर्चा करणे हे सोपे काम नव्हते. हरिभाऊंनी त्यांना लिहिते राहायला उत्तेजन दिले आणि त्यांच्याकडून स्वतःही पुष्कळ घेतले.

आता दुसरी बाजू. साप्ताहिकाचे पोट दर आठवड्याला भरावे लागते, आणि हरिभाऊंच्या करमणुकीत भर घालणारे मुख्य हात हरिभाऊंचेच होते. एकाच वेळी दोन-दोन कादंबऱ्या चालू असत. मी आणि यशवंतराव खरे या दोन्ही १८९३ ते १८९५ या काळात बरोबरच चालल्या होत्या. लगेच शिवकालावरची उषःकाल आली. जग हें असें आहे या सामाजिक कादंबरीच्या जोडीला केवळ स्वराज्यासाठी ही ऐतिहासिक. रूपनगरची राजकन्या तर औरंगजेबाच्या काळातल्या राजपुतान्यात घडते. दिल्लीहून अजमेरला जाताना किशनगढ लागते, त्याच्याच जवळचे हे रूपनगर. शिवाय शेकडो पानांच्या स्फुट गोष्टी, ज्यांतून मराठी लघुकथेची वाट निघाली. या सगळ्यावर पुन्हा आनंदाश्रमाची व्यवस्था होती. काकांनी संस्कृत ग्रंथांसाठी काढलेली ही संस्था १८९४ मध्ये काका गेल्यावर हरिभाऊंनीच सांभाळली. प्लेगच्या दिवसांत लोकांसाठी केलेली धावपळ आणि पुण्याच्या नगरपालिकेचे काम वेगळेच.

याचा परिणाम पानोपानी दिसतो. प्रसंग लांबतात, निवेदक मध्येच वाचकाशी गप्पा मारू लागतो, आणि आजचसारखी कादंबरी अपुरीच राहते. मजकूर कापा, हे प्रकरण पुन्हा लिहा, असे हरिभाऊंना सांगणारे कोणी नव्हते, कारण ते सांगण्याची खुर्ची त्यांचीच होती. इंग्लंडात डिकन्सनेही स्वतःची साप्ताहिके काढून त्यांत स्वतःच्या कादंबऱ्या छापल्या, आणि त्यालाही हा पसारा सोसावा लागला.

इथे आपल्या हिंदीभाषक सहकाऱ्यांना ठाऊक असलेले एक उदाहरण आठवते. आचार्य महावीरप्रसाद द्विवेदी यांनी रेल्वेतली नोकरी सोडून १९०३ पासून १९२० पर्यंत सरस्वती मासिक संपादले. त्यांना मराठी उत्तम येत असे. आलेला मजकूर ते स्वतः दुरुस्त करत, आणि मैथिलीशरण गुप्तांसारख्या कवीला त्यांनीच वळण लावले. मराठीत लेखकाला हस्तलिखित परत पाठवून पुन्हा लिहायला लावणारे श्री. पु. भागवतांसारखे सत्यकथेचे संपादक यायला हरिभाऊंनंतर बराच काळ जावा लागला. हरिभाऊंना तसा कोणी मिळाला असता तर? कदाचित कादंबऱ्या आटोपशीर झाल्या असत्या. पण दर आठवड्याचा तगादा नसता, तर त्या लिहून तरी झाल्या असत्या का, अशीही शंका येते.

स्वतःला जे मिळाले नाही, ते त्यांनी एका मित्राला दिले. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, शिक्षणासाठी पुण्यात असताना दोघांचा स्नेह जमला. केशवसुत स्वभावाने एकलकोंडे. मुंबईत तुटपुंज्या नोकऱ्या, मग खानदेशात फैजपूरला शिक्षकी, शेवटी धारवाड. कविता लिहायच्या आणि मासिकांकडे पाठवायच्या. जळगावच्या नारायण नरसिंह फडणीसांचे काव्यरत्नावली हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक होते, त्यात काही आल्या. काही हरिभाऊंच्या करमणुकीत आल्या. रूढ छंद आणि रूढ विषय सोडून लिहिणाऱ्या या कवीला त्या काळी जागा देणे, हाच संपादकाचा निर्णय होता. एका साप्ताहिकाचा चालक त्याऐवजी लोकांच्या परिचयाच्या चालीतले एखादे पद सहज छापू शकला असता.

७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीला प्लेगने केशवसुत गेले. वय चाळिशीच्या आतले. पाठोपाठ काही दिवसांत पत्नीही गेली. हयातीत एकही कवितासंग्रह निघाला नव्हता. सव्वाशेहून थोड्या अधिक कविता, त्याही निरनिराळ्या अंकांत आणि कागदांत विखुरलेल्या. जुने अंक किती दिवस टिकतात, हे रद्दीवाल्याला हाक मारणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. गोविंदाग्रज, बालकवी ही पुढची पिढी केशवसुतांना गुरू मानत होती, पण त्या गुरूचे पुस्तक हाती घ्यायचे म्हटले तर नव्हते. हरिभाऊंनी त्या कविता गोळा केल्या आणि १९१७ साली केशवसुतांची कविता हा संग्रह प्रसिद्ध केला. मित्राच्या मृत्यूला तोवर बारा वर्षे झाली होती. आज आपली मुले पाठ्यपुस्तकातून तुतारी वाचतात, ती या संग्रहामुळे. पुढे १९६६ मध्ये इथे दिल्लीत साहित्य अकादमीने भारतीय साहित्यकारांच्या मालेत केशवसुतांवर पुस्तक काढले. ते लिहिले ग्वाल्हेरच्या प्रभाकर माचवे यांनी, जे नंतर अकादमीचे सचिवही झाले. त्यांच्याही हाताशी एक पुस्तक होते, ते हरिभाऊंमुळे.

त्याच १९१७ च्या सुमारास करमणूक थांबले. त्या वेळी हरिभाऊंची कर्मयोग ही कादंबरी चालू होती, १९१३ पासून. ३ मार्च १९१९ रोजी, पंचावन्न वर्षे पूर्ण व्हायला पाच दिवस असताना, पुण्यात त्यांचे निधन झाले. कर्मयोग अपुरीच राहिली.