नामदार गोखले : चूक कबूल करणारा नेता

विद्यार्थी मित्रांनो, शब्द देणारे पुढारी आपण खूप पाहतो. दिलेला शब्द पाळणारे कमी असतात, आणि आपला शब्द चुकला हे लोकांसमोर मान्य करणारे त्याहून कमी. आज अशाच एका नेत्याची ओळख करून घेऊया. ते म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. लहानपणीच वडील गेले. थोरले बंधू गोविंदरावांचा पगार महिना फक्त पंधरा रुपये. त्यातले आठ रुपये ते गोपाळच्या शिक्षणासाठी पाठवत. विचार करा, उरलेल्या सात रुपयांत घर कसं चालत असेल! १८८४ मध्ये गोपाळराव पदवीधर झाले. मोठ्या पगाराच्या मागे न लागता त्यांनी पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिक्षकी पत्करली. तिथं दीर्घकाळ काम करण्याचा शब्द त्यांनी दिला आणि तो पाळला. १९०२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले.

आता त्यांच्या खऱ्या परीक्षेबद्दल सांगतो. साल १८९७. पुण्यात प्लेगनं थैमान घातलं होतं. घरोघरच्या तपासणीसाठी सरकारनं गोरे सोजीर नेमले होते आणि त्यांच्या वागण्यानं लोक संतापले होते. गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. पुण्याहून त्यांना पत्रं आली. सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचं त्यांत लिहिलं होतं. गोखल्यांनी विश्वासानं ते तिथल्या वर्तमानपत्राला सांगितलं. मग काय, एकच खळबळ उडाली! सरकारनं पुरावा मागितला.

परत आल्यावर गोखल्यांनी पुरावा शोधला, पण तो मिळेना. पत्रं लिहिणारे मित्रही पुढे यायला तयार नव्हते. गोखल्यांना त्यांची नावं सांगून मोकळं होता आलं असतं. गप्प बसून लोकांच्या टाळ्या घेणं तर आणखी सोपं होतं. पण त्यांनी दोन्ही केलं नाही. मित्रांची नावं गुपित ठेवली, सगळा दोष स्वतःवर घेतला आणि जाहीर माफी मागितली.

किंमत मोठी होती, बरं का! आपल्याच लोकांनी त्यांना भित्रा ठरवलं. सरकारपुढे नमला, अशी टीका झाली. एवढी बदनामी सोसूनही ते प्लेगग्रस्तांच्या सेवेत उतरले. सरकारच्या कारभारावर टीका करणंही त्यांनी सोडलं नाही. १९०२ पासून केंद्रीय कायदे कौन्सिलात त्यांनी अंदाजपत्रकाचे वाभाडे काढले, ते आकडे समोर ठेवून. सरकारकडून जो खरेपणा ते मागत होते, तो त्यांनी आधी स्वतःला लावून घेतला होता. म्हणूनच त्यांच्या शब्दाला वजन आलं.

१९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच वर्षी ते काँग्रेसचे अध्यक्षही झाले. १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक त्यांनी मांडलं. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळलं गेलं. हरणार हे ठाऊक असूनही त्यांनी माघार घेतली नाही. १९१४ मध्ये सरकारनं देऊ केलेला 'सर' हा किताब त्यांनी नाकारला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी त्यांचं निधन झालं. आयुष्यभर ज्यांच्याशी मतभेद राहिले, त्या लोकमान्य टिळकांनी अंत्यसंस्काराच्या वेळी त्यांचा मोठेपणा सांगितला.

मित्रांनो, उद्या तुम्ही मतदार व्हाल. एखादा पुढारी किती जोरात बोलतो एवढंच पाहू नका. काल बोललेलं तो आज पाळतो का, आणि चुकलं तर कबूल करतो का, तेही पाहा. आणि हो, वर्गात आपली चूक झाली तर हात वर करायला आजपासूनच शिका!