मुंबईला निर्धोक दूध देणारे दारा खुरोडी

नाहूरहून गोरेगावला निघाले की राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरापलीकडे आरे वसाहत लागते. अलीकडे तिचे नाव ऐकू येते ते झाडांच्या आणि मेट्रो कारशेडच्या वादामुळे. मात्र ही वसाहत उभी राहिली ती आरोग्याच्या एका प्रश्नातून. मुंबईतल्या सामान्य घरातल्या मुलांना स्वच्छ आणि परवडणारे दूध कसे मिळणार, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर शोधण्यात दारा नसरवानजी खुरोडी यांनी उमेदीची वर्षे घालवली.

खुरोडी यांचा जन्म १९०६ मध्ये महू येथे एका पारशी कुटुंबात झाला. बंगळुरूच्या संस्थेत त्यांनी दुग्धव्यवसायाचे शिक्षण घेतले आणि पुढे मुंबई सरकारचे दूध आयुक्त म्हणून काम पाहिले.

त्या काळी मुंबईत भरवस्तीत म्हशींचे तबेले होते. शेण, माश्या आणि तुंबलेली गटारे यांच्या शेजारीच दूध काढले जाई. त्यात पाणी मिसळणे ही तर नेहमीचीच गोष्ट. पाणी दूषित असले की दुधातून विषमज्वर आणि जुलाब घरात शिरत. आजारी जनावराच्या कच्च्या दुधातून क्षयाचे जंतूही येऊ शकतात. शिवाय आटलेली म्हैस पोसणे शहरात परवडत नसे, म्हणून चांगली दुभती जनावरेही कसायाकडे जात.

तबेलेवाल्यांना केवळ दंड करून हे सुधारणार नाही, हे खुरोडी यांनी ओळखले. गोरेगावच्या माळावर १९४९ मध्ये आरे वसाहत सुरू झाली. सुमारे १,३०० हेक्टर जमिनीवर गोठे, चाऱ्याची कुरणे आणि दूध प्रक्रिया केंद्र उभे राहिले. म्हशी मालकांच्याच राहिल्या. जागा, पाणी आणि पशुवैद्यकीय सेवा सरकारने दिली आणि दूध सरकारने विकत घेतले. पुढे तेथे सुमारे १६ हजार जनावरे राहू लागली. १९५१ मध्ये पंडित नेहरू यांनी वसाहतीला भेट दिली.

दूध पाश्चरीकरण करूनच शहरात जाई. दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवून लगेच थंड केले की रोगजंतू मरतात, पोषणमूल्य मात्र फारसे घटत नाही. काचेच्या बाटल्या, पहाटेची रांग आणि दुधाचे कार्ड ही आरेची आठवण अनेक घरांत अजून आहे.

त्यांचे सर्वांत दूरगामी काम म्हणजे टोन्ड दूध. म्हशीच्या दुधात सुमारे ७ टक्के स्निग्धांश असतो. त्यात पाणी आणि स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून तो ३ टक्क्यांवर आणला, की एका लिटरचे दोन लिटरांहून अधिक दूध होते. भुकटीमुळे प्रथिने आणि कॅल्शियम टिकून राहते आणि किंमत उतरते. गरीब घरात दूध पोहोचले ते या हिशेबामुळे.

त्यांचे सर्वच निर्णय सर्वांना पटले असे नाही. मुंबईला आणंदहूनही दूध येई. हिवाळ्यात तेथे दूध वाढे, पण मुंबई ते सगळे घेऊ शकत नसे. यावरून खुरोडी आणि व्हर्गीस कुरियन यांचे चांगलेच खटके उडाले. या जादा दुधासाठी १९५५ मध्ये आणंदला भुकटीचा कारखाना झाला. पुढे १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार खुरोडी, कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल या तिघांना मिळून देण्यात आला. १९८३ मध्ये खुरोडी यांचे निधन झाले.

टोन्ड दूध म्हणजे पाणी घातलेले हलके दूध, हा समज आजही आढळतो. तो चुकीचा आहे. वजन किंवा कोलेस्टेरॉल वाढलेल्या प्रौढांना हेच दूध अधिक योग्य ठरते. वरचे दूध घेणाऱ्या दोन वर्षांखालील मुलांना मात्र स्निग्धांश न काढलेले दूध द्यावे. तबेल्यातून आणलेले सुटे दूध नीट उकळल्याशिवाय कोणालाही देऊ नये. पिशवीचे दूध पाश्चरीकृत असले, तरी ते वाटेत थंड राहिले असेलच याची खात्री नसते. म्हणून एकदा उकळावे, गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवावे आणि पुन्हा पुन्हा उकळत बसू नये.