कल्याणची प्रवासिनी : डॉक्टर आनंदीबाई जोशी

आमच्या शाळेंतील कित्येक मुलें-मुली रोज कल्याण-डोंबिवलीहून आगगाडीनें ठाण्यास येतात. त्याच कल्याणांत बालपण घालविलेल्या एका मुलीच्या लांबच्या प्रवासाची हकीकत आम्ही येथें सादर करीत आहों.

कल्याणच्या गणपतराव जोशी यांची ही कन्या यमुना. जन्म ३१ मार्च १८६५. नवव्या वर्षीं पोस्टखात्यांतील गोपाळराव जोशी यांच्याशीं तिचा विवाह झाला व ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षीं झालेला मुलगा दहा दिवसांतच दगावला. स्त्रियांच्या दुखण्यास स्त्री-डॉक्टर हवी, हा विचार या दुःखांतून दृढ झाला.

गोपाळरावांनीं अमेरिकेंतील मिशनरी गृहस्थांस साहाय्याविषयीं लिहिलें. पण तेथें धर्मांतराची अपेक्षा आड आली. तें पत्र मात्र मासिकांत छापलें गेलें. तें वाचून न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या मिसेस कार्पेंटर यांनीं कसलीहि अट न घालतां आपलें घर देऊं केलें. मिशनच्या शाळेंत शिकणाऱ्या आम्हांस या निरपेक्ष मायेचें मोल अधिक वाटतें.

१८८० पासून दोघींचा पत्रव्यवहार चालला. परक्या देशांत उतरावें कोठें, शिकावें कोठें, याचा विचार घरबसल्या होऊं लागला. लोकनिंदा मात्र थांबेना. तेव्हां २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं बंगालमधील सेरामपूर कॉलेजांत आनंदीबाईंनीं भरसभेंत लोकांच्या एकेक प्रश्नास उत्तर दिलें. एकटी कां जाते? वाळीत पडल्यास काय? संकट ओढवल्यास काय? संकटाच्या भयानें योग्य कार्य सोडूं नये व हिंदु म्हणून जाऊन हिंदु म्हणूनच परत यावें, असा त्यांचा निर्धार होता.

सोन्याच्या बांगड्या विकून खर्चाची तजवीज झाली. ७ एप्रिल १८८३ रोजीं, पतीस मागें ठेवून, मिशनरी स्त्रियांच्या सोबतीनें त्या कलकत्त्याहून आगबोटींत चढल्या आणि ४ जून रोजीं न्यूयॉर्कला उतरल्या. वय अवघें अठरा! कांहीं महिने रोझेलला राहून त्या फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाल्या. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस एम्. डी. ही पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या.

एवढ्या तयारींतहि एका गोष्टीवर उपाय चालला नाहीं. तेथील थंडी शरीरास मानवली नाहीं व क्षयानें त्यांस ग्रासलें. कोल्हापूरच्या इस्पितळांतील जागा पत्करून त्या स्वदेशीं परतल्या. परंतु कामावर रुजू होण्यापूर्वींच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यास त्यांचें देहावसान झालें. बाविसावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. त्यांच्या अस्थी मिसेस कार्पेंटर यांनीं पकिप्सी येथें आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ठेवविल्या.

प्रवासाचा हेतु मग निष्फळ झाला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. दूरदेशीं जाऊं इच्छिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांस पाठविणाऱ्या पालकांनीं सामानाची यादी करण्यापूर्वीं आनंदीबाईंप्रमाणें एका प्रश्नाचें उत्तर सिद्ध ठेवावें : आपण जातों तें कोणाच्या उपयोगीं पडावयास?